थोडासा ताप

“काकू, रात्री थोडासा ताप येईल हं, घाबरू नका,” असं म्हणत नर्सनं सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला आणि पुढच्या खुर्चीकडे वळली. सगळं मिळून अर्धा तासही लागला नसेल. त्यातला बराचसा वेळ माझी शीर सापडण्यात गेला. ज्या औषधाची महिनाभर धास्ती घेतली होती ते जेमतेम शंभर मिलिलिटरच्या पिशवीत मावलं होतं. त्यात झोलेड्रॉनिक अॅसिड किती, तर पाच मिलिग्रॅम. वर्षातून एकदा एवढं शरीरात गेलं की हाडांची वर्षभराची सोय. कापूस दाबून बसल्या बसल्या मला थोडी फसवणूक झाल्यासारखंच वाटलं. एवढंच? घरी आले, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, दोन-तीन फोन केले, आणि मुलीला “काही नाही गं, सलाईन लावतात तसंच” असं ऐटीत सांगूनही टाकलं. आता दुसरं इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून थेंबथेंब औषध घेणं, होऊन गेलं तरी त्या नर्सचा तो ‘थोडासा’ माझ्या डोक्यातून जात नाही. तिचा आवाज गोड होता, हेतू चांगला होता. भांडण आहे ते त्या शब्दाशी.

रात्री साडेबाराला जाग आली ती थंडीनं. पंखा बंद केला, पायाशी असलेलं दुसरं पांघरूण ओढून घेतलं, तरी दात वाजायचे थांबेनात. कूस बदलावी म्हणून हाताचा कोपर टेकला आणि बरगड्यांतून असा ठणका आला की मी अर्ध्यातच अडकले. ना या कुशीवर, ना त्या. एरवी आपल्याला हाडं आहेत हे आपल्या गावीही नसतं. त्या रात्री एकेक हाड आपली ओळख करून देत होतं. नडग्या, मनगटं, हनुवटी, उशीला टेकलेली कवटीची मागची बाजू. डोळे मिटलेले असताना नुसती बुबुळं फिरवली तरी मागे कुठेतरी दुखायचं. ताप एकशे दोन. दुखण्यापेक्षाही मोठा प्रश्न दोन वाजता उभा राहिला, तो म्हणजे बाथरूमला जायचं कसं. आमच्या पलंगापासून बाथरूमचा दरवाजा अकरा पावलांवर आहे. इतकी वर्षं या घरात राहून मी ती कधी मोजली नव्हती, त्या रात्री मोजली. चौथ्या पावलाला कपाटाचा कोपरा येतो, तिथे टेकता येतं. सातव्या पावलाला काहीच नाही, नुसती भिंत. आणि डोक्यात एकच विचार, की आत्ता तोल गेला तर ज्या खुब्याचं हाड वाचवायला हे औषध घेतलं तोच खुबा मोडून बसेन.

परत येताना नवऱ्याला जाग आली. “अगं, हाक नाही का मारायची? अंग बघ कसं भाजतंय.”

“थोडासाच आहे,” मी म्हणाले.

म्हणाले आणि जीभ चावली. पडल्या पडल्या मला माझंच हसू येत होतं, पण हसलं की बरगड्या दुखायच्या, म्हणून तेही आवरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात फोन केला तेव्हा पलीकडून विचारलं, “दुखणं एक ते दहामध्ये किती?” मी सात म्हणाले. का सात, ते मलाच सांगता आलं नसतं. आठ म्हटलं तर बाऊ केल्यासारखं, सहा म्हटलं तर फोन कशाला केला असं. फोन ठेवल्यावर वाटलं, आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत आणि आपण आकडा सांगत बसतो. कळ येते ती आत कुठेतरी उगम पावून वर चढत जाते. चमक क्षणात येते नि जाते. सणक डोक्यात जाते. उसण भरते तेव्हा माणूस आहे तिथे खिळतो. पेटका, गोळा, वळ, टोचणी, भणभण, रग, शिणवटा. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाही. मला जे झालं होतं ते दोन शब्दांचं होतं. रात्री ठणका आणि दिवसा कणकण. ठणक्याला नाडीसारखा ताल असतो, तो आपला आपण चालू असतो, तुम्ही हला किंवा हलू नका. कणकण म्हणजे सगळ्या अंगावरून कुणीतरी पातळसं काहीतरी ओढून घेतल्यासारखं, कपड्याचा स्पर्शही नकोसा. कागदावर मात्र याला ‘फ्लूसारखी लक्षणे’ असं नाव होतं. नाव चुकीचं नाही. पण फ्लू झालेला माणूस आदल्या दिवशी सकाळी धडधाकट चालत जाऊन, स्वतःच्या सहीनं, तो फ्लू मागून घेत नाही.

‘थोडं’ या शब्दाचा घरातला मालकी हक्क खरं तर माझ्या आईकडे होता. “थोडं दुखतंय पाठीत,” असं ती सलग सहा-सात वर्षं म्हणत होती. उठता-बसता हात कमरेवर जायचा, उभ्यानं काही करताना मध्येच भिंतीला टेकायची, आणि आम्ही विचारलं की हेच वाक्य. आमच्या जुन्या घराच्या दाराला वर एक कडी होती. माझ्या लहानपणी आई ती सहज लावायची, नुसता हात वर केला की खटकन. मग कधीतरी ती टाचा उंच करून लावू लागली. मग तिथे एक बुटकं स्टूल येऊन बसलं. ते कुणी आणून ठेवलं हेही आता आठवत नाही, इतकं ते आपसूक घडलं. शेवटी ती म्हणू लागली, “खालची लावली तरी पुरते की.” माणूस उंचीनं कमी होतोय हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात येऊ नये, याचं मला आज नवल वाटतं. तीही म्हणायची, “वय झालं, आता काय शाळेत कवायत करायचीय?” आम्ही हसायचो. एकदा खोकला बरा होईना म्हणून छातीचा एक्स-रे काढला. तो बघताना डॉक्टर फुप्फुसांवरून मणक्यावर गेले आणि तिथेच थांबले. दोन मणके पुढच्या बाजूनं दबलेले होते, पाचरीसारखे. जुने फ्रॅक्चर. “कधी पडला होता का आजी?” आई म्हणाली, “नाही हो. मागे एकदा बादली उचलताना थोडं दुखलं होतं.”

मणक्यांचे असे बरेचसे फ्रॅक्चर कुणाला कळतच नाहीत, वय झालं, पाठ धरली म्हणून खपून जातात, हे मी पुढे वाचलं. ते वाचून बरं वाटायला हवं होतं, की आम्ही एकटेच आंधळे नव्हतो. बरं वाटलं नाही.

म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मी स्वतःहून करून घेतली. साठीतल्या बाईच्या हाडांची तुलना विशी-तिशीतल्या निरोगी तरुणीच्या हाडांशी करून तिला नापास करणारी ही परीक्षा. या तुलनेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 साली आखली. माझा मणक्याचा आकडा उणे 2.9 होता. आधी गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा, अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. माझी रेंगाळली असावी. छातीतली जळजळ दोन महिने सोसली आणि मग इन्फ्युजनवर आले. तेही लगेच नाही. ‘ड’ जीवनसत्त्व चौदा निघालं, ते आधी भरून काढायला हवं होतं. नाहीतर औषध हाडांची झीज एकदम थोपवतं, हाडांतून रक्तात येणारं कॅल्शियम आटतं, आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येण्यापासून पेटक्यांपर्यंत मजल जाते. क्रिएटिनिन तपासलं, कारण मूत्रपिंडं फार मंदावलेली असतील तर हे औषध देत नाहीत. एक हलणारी दाढ आधी काढून घेतली आणि हिरडी भरेपर्यंत थांबले. क्वचित का होईना, या औषधावर असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येण्याचा धोका असतो. म्हणजे बघा, तयारी अगदी जय्यत होती. रक्त, मूत्रपिंड, दाढ, सगळ्यांची विचारपूस झाली. रात्री पलंगाशेजारी काय ठेवायचं, एवढंच कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, अंगात त्राण नव्हतं, झोप लागत नव्हती. तेव्हा पडल्या पडल्या वाचलं आणि माझ्या शरीराची मला जरा कीवच आली. हाडं आपल्याला दगडासारखी वाटतात, पण ती सतत पाडून बांधली जात असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यावर पाडणाऱ्यांचा हात सुटतो. हे औषध हाडाच्या पृष्ठभागाला चिकटतं, पाडणारी पेशी ते हाडाबरोबर गिळते आणि तिचं काम थंडावतं. पण हाडांकडे जाता जाता ते रक्तातल्या काही पेशींमध्येही शिरतं. तिथे एक रासायनिक साखळी अडते आणि अडलेल्या जागी एक पदार्थ साचतो. हा पदार्थ जंतूंच्या शरीरात बनणाऱ्या एका पदार्थासारखाच दिसतो. आपल्याकडच्या गॅमा-डेल्टा नावाच्या टी-पेशी जंतूंच्या पाळतीवरच बसलेल्या असतात. त्यांना वाटतं, आलेच. मग सगळीकडे दवंडी, ताप, हुडहुडी, अंगदुखी. जंतू कुठेच नाही. माझी फौज रात्रभर दारं-खिडक्या आपटत न आलेल्या शत्रूशी लढत होती आणि मार मी खात होते.

हे कळल्यावर दुखणं कमी झालं नाही. पण त्याच्यावरचा राग बराच गेला. एक भाबडी समजूत मात्र मी तेवढ्यात करून घेतली, की ज्याअर्थी इतका त्रास झाला त्याअर्थी औषध जोरात लागू पडलं असणार. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, तसा हिशेब नसतो, ज्यांना काहीच होत नाही त्यांच्याही हाडांना ते मिळतं. माझी जरा निराशाच झाली. सोसल्याची पावती मिळावी असं वाटतंच की.

चुका माझ्याही झाल्या. पॅरासिटामॉल घरात होतं, पण ‘ताप आला तर घेऊ’ म्हणून मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि ताप आला तेव्हा ड्रॉवर हिमालयाइतका लांब होता. इन्फ्युजनच्या आसपास ते आधीपासूनच, वेळेवर घेतलं तर हा सगळा प्रकार सौम्य होतो, हे मला नंतर कळलं. किती आणि कितीदा घ्यायचं ते ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं. दुसरी चूक पाण्याची. बाथरूमला जाणं नको म्हणून मी दुसऱ्या दिवशी पाणी पिणंच कमी केलं. या औषधाचा सुमारे चाळीस टक्के भाग पहिल्या चोवीस तासांत लघवीवाटे बाहेर पडतो, मूत्रपिंडांना पाण्याची गरज असते ती नेमकी तेव्हाच. अकरा पावलं वाचवायला मी भलतंच काही करत होते. आणि तिसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही मला ठरवता येत नाही. डोळ्यांमागे दुखत होतं तेव्हा मी उठून दिवा लावून आरशात डोळा पाहिला नाही. डोळा लाल होणं, उजेड सहन न होणं, अंधुक दिसणं असं काही असतं तर थांबायचं नसतं, ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं असतं. या औषधानं क्वचित डोळ्याला आतून सूज येते. माझा डोळा साधाच दुखत होता. पण ते मला चोवीस तासांनी कळलं.

ताप तीन दिवसांत गेला. गुडघ्यांनी आणि मनगटांनी मात्र दोन आठवडे धरून ठेवलं. त्या दोन आठवड्यांत मला ज्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला ते दुखणं नव्हतंच. गोळी सोसली नाही तर पुढची घेऊ नये, एवढं तरी आपल्या हातात असतं. हे एकदा शिरेतून गेलं ते गेलं. उरलेला भाग हाडांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. ‘नको होतं’ असं म्हणायची सोयच नाही. रात्री जाग आली की मी अंधारात स्वतःच्या मनगटाचं हाड चाचपायची. वरून काही कळणार नव्हतं. पण आत कुणीतरी मुक्कामाला आलंय आणि आपण त्याला जा म्हणू शकत नाही, ही भावना अगदी स्पष्ट होती. मग आईचे ते दोन पाचरीसारखे मणके डोळ्यांसमोर यायचे. तिच्याही हाडांत काहीतरी मुक्कामाला आलं होतं, आणि तिनं तर सहीसुद्धा केली नव्हती.

दुसऱ्या वर्षी जायचं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलगी म्हणाली, “आई, तुला नको असेल तर नको. दुसरे उपाय आहेत.” आहेत, ते मलाही माहीत होतं. मी आकड्यांपाशी थांबले. 2007 साली हॉरायझन नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले होते, साडेसात हजारांहून अधिक बायकांवर, तीन वर्षं. ज्यांना खरं औषध मिळालं त्यांच्यात मणक्याचे फ्रॅक्चर सत्तर टक्क्यांनी कमी झाले, खुब्याचे एक्केचाळीस टक्क्यांनी. हा तापाचा प्रकार पहिल्या इन्फ्युजननंतर 31.6 टक्के बायकांना झाला, दुसऱ्यानंतर 6.6 टक्के, तिसऱ्यानंतर 2.8. म्हणजे शरीर एकदा फसतं, पुन्हा तितकंसं फसत नाही. नुसते पाण्याचे सलाईन लावलेल्या बायकांतही सहा टक्के जणींना ताप-अंगदुखी झालीच होती, हे वाचून मला त्या अनोळखी सहा टक्के बायांविषयी फार जिव्हाळा वाटला. आकडे मला पटले. पण खरं सांगायचं तर मला त्या आकड्यांनी हलवलं नाही. आमच्या आत्ताच्या घराच्या दारालाही वर एक कडी आहे. ती मी अजून टाचा न उचलता लावते. रोज रात्री लावताना मोजते.

परवा गेले. तेच केंद्र, त्याच खुर्च्या. पॅरासिटामॉल घेऊन झालं होतं, आदल्या दिवसापासून पाणी पीत होते, कपाटाच्या कोपऱ्यापुढे सातव्या पावलाला एक जड खुर्ची आणून ठेवली होती, रात्रीचा दिवा लावून ठेवायचा असं ठरलं होतं. फॉर्मवर एक ओळ होती, ‘मागील इन्फ्युजननंतर काही त्रास?’ पुढे बोटभर जागा. मी लिहायला घेतलं ते समासात गेलं, तिथून कागदाच्या मागे. तोच तो गोड आवाज म्हणाला, “काकू, एवढं नका लिहू हो, नुसतं हो किंवा नाही.” मी “हो का?” म्हटलं आणि लिहीत राहिले.

शेजारच्या खुर्चीत साधारण माझ्याच वयाची एक बाई होती. पहिली वेळ असणार, ते पर्स मांडीवर घट्ट धरून बसण्यावरूनच कळत होतं. तिची पिशवी टांगून झाली, थेंब पडायला लागले. मग ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “अहो ताई, तुमची ही दुसरी ना? फार त्रास होतो का हो?”

माझ्या ओठांवर ‘थोडासा’ आलाच होता.

“तुमच्या पलंगापासून बाथरूम किती पावलांवर आहे?” मी विचारलं.